मामाचा होकार येईपर्यंत

जूचंद्रच्या विघ्नेश भोईरला देवाने बुद्धी दिली, उंची दिली, गोड बोलणं दिलं. थांबणं तेवढं द्यायचं राहून गेलं. गॅसवर दूध ठेवलं की माणूस ते तापेपर्यंत स्वयंपाकघरात उभा राहतो, निदान ओट्याकडे एक डोळा ठेवतो. विघ्नेश नाही. दूध ठेवून तो गीझर लावणार, गीझर तापतोय तोवर अंगणात जाऊन स्कूटर पुसायला घेणार, स्कूटर अर्धी पुसून झाली की कुंपणापलीकडून कोणी हाक मारली म्हणून त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत जाऊन येणार. तोवर दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून जमिनीवर आलेलं असे. "अरे, दूध कोणी ठेवलं होतं?" हे तोच सगळ्यांच्या आधी विचारी, आणि त्याचं ते आश्चर्य इतकं खरं असे की रागावणाऱ्याचीच पंचाईत होई.

त्याला आळशी मात्र कोणी म्हणू नये. कामं तो भरपूर करी, फक्त सुरू करण्यापुरती. शाळेत पेपर हातात पडला की प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराची पहिली दोन वाक्यं लिहून टाकायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून एकेकाला गाठायचं, ही त्याची पद्धत. गणितात हे खपून गेलं. मराठीच्या बाईंनी मात्र निबंधाखाली 'पुढे?' एवढाच शेरा मारला होता.

वडील लवकर गेले. विघ्नेश तेव्हा शाळेत होता आणि धाकटी पिंकी पाटीवर अक्षरं गिरवत होती. त्या दिवसापासून या घराला हक्काचा माणूस म्हणावा असा एकच उरला: आई मनोरमेचा थोरला भाऊ, चांदीपचा काळूराम मामा. कारली, पडवळ, भेंडी पिकवणारा, अंगाने सडसडीत, आवाजाने दणकट आणि मानापानाच्या बाबतीत अतिशय हळवा. दहावीच्या पहिल्याच पेपराला विघ्नेश पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आणि हॉलतिकीट घरी ठेवून निघाला, तेव्हा मामानेच स्कूटर पिटाळून ते आणून दिलं. पुढच्या प्रत्येक पेपराला मामा बाजारची फेरी चुकवून केंद्राबाहेरच्या चिंचेखाली बसून राहिला. "घरी जा ना मामा, मी येईन," असं विघ्नेशने सांगून पाहिलं. मामा म्हणाला, "तू येशील रं, पन कंच्या गावाला जाशील त्याचा भरोसा नाय."

पुढे विघ्नेश शिकला, आणि सातिवलीच्या एका गाळ्यात त्याला नोकरी लागली. खाली रबराच्या चकत्या कापायचं मशीन, वर पत्र्याच्या माडीवर पाच-सहा कॉम्प्युटर. गोदामांमध्ये कुठला ट्रक आला, कुठला गेला, कुठला अजून रस्त्यातच आहे हे दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे बनत असे. सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये, नोड नावाच्या यंत्रणेवर लिहायचे हे त्याचं काम. नोडची ओळख झाली तेव्हा विघ्नेशला जत्रेत हरवलेला भाऊ भेटल्यासारखं झालं. कारण नोडचा स्वभावही तोच! दूरच्या एखाद्या सर्व्हरकडे काही मागायचं झालं की हा मागणी पाठवून देतो आणि उत्तराची वाट बघत न बसता पुढच्या कामाला लागतो. उत्तर यायचं तेव्हा येईल. आलं की बघू. विघ्नेशला वाटलं, आपल्याला आयुष्यभर ज्यावरून बोलणी बसली त्याचीच इथे लोक तारीफ करतात. ट्रकांच्या बाबतीत ते बरोबरच होतं. कुठल्या गोदामाचं उत्तर आधी आलं आणि कुठल्याचं मागून, याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते पिंकीच्या लग्नात.

पिंकीचं विरारच्या मुलाशी ठरलं आणि घरात आमंत्रणांचा विषय निघाला. ही गोष्ट या गावांमध्ये मजेवारी घ्यायची नसते. पहिली पत्रिका चंडिका देवीच्या पायांशी. दुसरी मामाच्या हातात, सुपारी आणि अक्षता ठेवून. मामाच्या घरी बसायचं, चहा घ्यायचा, मामाने "येतू" म्हटलं की आमंत्रण पोचलं असं धरायचं, आणि मगच भावकीच्या पहिल्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा. चहा न पिता उठलं तर आमंत्रण दिलं पण पोचलं नाही, असं होतं. यातलं काहीही मागेपुढे झालं की पुढची दहा वर्षं ते प्रत्येक बारशाला निघतं.

पण मनोरमेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तिला जिने, रिक्षा आणि खड्डे तिन्ही बंद केले होते. तिने भावाला फोन करून रडतच हे सांगितलं. मामा विरघळला. "बाय, तू लंगडत कुठं फिरतंस? पोराला बोल फोनवर पाठव. सगल्यांनाच फोनवर पाठव. पन ध्यानात ठेव, पयली मना."

"पयली तुनाच," मनोरमा म्हणाली, आणि फोन ठेवून तिने मुलाकडे बघितलं. "आयकलास? मामा पयला. बाकी सगले मागून."

"एवढंच ना?" विघ्नेश म्हणाला. घोटाळ्याची सुरुवात त्याच्या तोंडून नेहमी याच दोन शब्दांनी होई.

त्याने कामाला हात घातला आणि तब्येतीत घातला. एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक पाहुण्याच्या नावाची वेगळी पत्रिका तयार करायची मागणी एका सर्व्हरकडे जायची, आणि तयार झालेली पत्रिका ज्याच्या त्याच्या फोनवर पोचवायची मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे. पाहुण्यांच्या यादीत सगळ्यात वर मामाचं नाव. आणि मामाची पत्रिका काय साधी ठेवायची? इतरांना नुसतं चित्र, मामाला व्हिडिओ. त्यात सनई, त्यात झेंडूची तोरणं, आणि शेवटी मामाच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढणारी छोटी पिंकी, असा जुना फोटो. तो फोटो शोधायला विघ्नेशने आईची ट्रंक उपसली आणि अर्थातच तशीच उघडी ठेवली. रविवारी सकाळी चंडिकेच्या पायरीवर छापील पत्रिका ठेवून आल्यावर त्याने प्रोग्रॅम चालू केला आणि अंघोळीला गेला.

तिकडे चांदीपच्या नाक्यावर काळूराम मामा इस्त्रीचा शर्ट घालून चहाच्या टपरीसमोर बसला होता. फोन समोर बाकड्यावर, उताणा. आल्यागेल्याला तो सांगत होता, "आज भाचीची पत्रिका येनार. पयली मना, मग बाकीच्यांना." टपरीवर शत्रुघ्नही होता. हा मामाचा शेजारी आणि लांबच्या नात्याने मेहुणा. बांधावरच्या आंब्याचे आंबे कोणाचे यावरून दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणजे दोघं एकमेकांना ऐकू जाईल असं तिसऱ्याशी बोलत.

पहिला फोन वाजला तो शत्रुघ्नचा.

त्याने चष्मा लावला, घसा साफ केला आणि सबंध नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "श्रीयुत शत्रुघ्न आणि परिवार यांस सप्रेम आमंत्रण." मग दुसरा फोन वाजला. मग टपरीवाल्याचा. त्याचं भोईरांशी नातं एवढंच की मनोरमा माहेरी आली की त्याच्याकडचं फरसाण नेई. मामाने आपला फोन उचलून हलवला. बंद करून चालू केला. शर्टाला पुसला. शत्रुघ्न टपरीवाल्याला म्हणाला, "काही लोकांच्या फोनला रेंज नसतंय रं." मामा उठला आणि चहा अर्धा टाकून घरी गेला. त्याचा फोन वाजला तेव्हा तो गोठ्यात होता, आणि त्या आवाजाकडे त्याने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

दुपारी मनोरमेला एकच फोन आला. "पत्रिका सगल्या गावाला गेली, मना शेवटाला. बाय, तुजा काय दोष नाय. पन मांडवात पोरीच्या मागं उभा रावाला दुसरा मामा बघा."

त्यानंतर मामाने फोन उचलणंच बंद केलं. मनोरमा पदर तोंडाला लावून बसली. पिंकी रडली नाही, तिचा स्वभाव मामावर गेला होता. ती शांतपणे म्हणाली, "मामा मागे उभा नसेल तर मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. सासरकडच्यांना काय सांगायचं ते दादा सांगेल."

"पण मी मामाचं नाव पहिलंच टाकलं होतं!" दादा ओरडला.

दुसऱ्याच दिवशी तो स्कूटर काढून चांदीपला गेला. मामा कारल्याच्या मांडवाखाली पाइप धरून उभा होता. भाच्याला बघून त्याने पाण्याची धार जराशी जोरात केली, एवढंच. घराच्या पडवीत रंभा मामी पापड वाळत घालत होती. मामा तिला म्हणाला, "रंभे, इचार पाव्हन्यांना, कुठनं आलं?"

"मामा, माझं ऐक ना. मी तुझं नाव..."

"रंभे, पाव्हन्यांना सांग, आमाला कमी आयकू येतंय. आमच्या फोनला रेंज बी नाय."

मामीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. ती आत जाऊन चहाचं आधण ठेवायला लागली तशी बाहेरून मामाचा आवाज आला, "चा नको ठेवू. चा आमंत्रन देनाऱ्याला असतो."

हे मात्र विघ्नेशला लागलं. या घरातून तो आजवर कधी चहा प्यायल्याशिवाय परतला नव्हता. परत येताना त्याला पहिल्यांदाच कळलं की मामा गंमत करत नाहीये, मामाचं खरोखर दुखलंय, आणि ते आपण केलंय.

सातिवलीच्या गाळ्यात त्याच्या शेजारच्या टेबलावर जीना बसे. होळीबाजारची, वसईत जन्मलेली-वाढलेली, दुसऱ्याच्या चुका शोधण्यात जिला जेवणापेक्षा जास्त आनंद. तिने विघ्नेशचा प्रोग्रॅम वरून खाली एकदा वाचला आणि डबा उघडता उघडता म्हणाली, "तू थांबतोयस कुठे?"

"हे काय, अवेट लिहिलंय ना! अवेट म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब."

"लिहिलंयस, पण फोरईचच्या पोटात. फोरईच नुसता यादीतल्या एकेकाला हाक मारत सुटतो, आत कोण थांबलंय याच्याशी त्याला काय देणंघेणं? त्याने सगळ्यांना एकदम दाराबाहेर ढकललं आणि मोकळा झाला. मामा पहिला बाहेर पडला हे खरं. पण त्याच्या मागोमाग सगळेच पडले, आणि ज्याचं ओझं हलकं तो आधी पोचला. मामाच्या पत्रिकेत काय होतं?"

"व्हिडिओ," विघ्नेश म्हणाला. "सनई. फोटो."

"मग झालं तर! व्हिडिओ तयार होईपर्यंत बाकीचे जेवून झोपले."

विघ्नेशने प्रोग्रॅम पुन्हा वरून वाचला. म्हणजे सगळ्यात जास्त जीव ओतून जी पत्रिका केली, तीच सगळ्यात मागे राहिली होती. हे मामाला सांगायचं कसं? आणि सांगितलं तरी त्याने काय भरपाई होणार होती?

"आमच्याकडे बरं आहे," जीना चपातीचा तुकडा मोडत म्हणाली. "फादर चर्चमध्ये लग्न पुकारतो, सगळ्यांच्या कानावर एकदमच जातं. रुसायचं तर सगळे मिळून रुसा." मग त्याचा चेहरा बघून तिने सूर बदलला. "हे बघ, फोरईच काढ, साधा लूप घाल. एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरा हलणार नाही. पुढच्या वेळी तरी."

पुढची वेळ! विघ्नेश ताडकन उठला. हळदीचं आमंत्रण अजून जायचंच होतं. आणि या गावांमध्ये खरं लग्न हळदीलाच लागतं. दुसऱ्या दिवशी भटजी येतात ते झाल्या गोष्टीवर शिक्का मारायला. बेंजो, नाच, मटणाचं जेवण, सगळं हळदीला. वेगळं आमंत्रण नसेल तर हळदीला सख्खा चुलताही येत नाही.

त्याने बसल्या बैठकीला प्रोग्रॅम नव्याने लिहिला. बसल्या बैठकीला म्हणजे खरोखरच, मध्ये एकदाही न उठता. जीनाने हे पुढे कित्येक महिने लोकांना सांगितलं. मामाचं आमंत्रण पहिलं जाणार. सर्व्हरकडून 'पोचलं' असं उत्तर येणार. पण विघ्नेश तेवढ्यावर थांबला नाही. पुढची ओळ वाचून जीनाने डोळे मोठे केले.

"हे काय? मामाचा 'हो' आल्याशिवाय पुढचं आमंत्रण सोडायचंच नाही?"

"नाहीच."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"तर थांबायचं."

"अरे, टाइमआउट तरी लाव! काही तरी मर्यादा नको का?"

"मामाला टाइमआउट नसतो," विघ्नेश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा जीनाला त्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली आणि ती काढावीशी वाटली नाही.

आमंत्रण गेलं. या वेळी व्हिडिओ नाही, सनई नाही, एकच वाक्य: 'मामा, पिंकीच्या हळदीला ये. तू हो म्हणशील तेव्हा बाकीच्यांना बोलावीन.' लॅपटॉप ओटीवरच्या टेबलावर ठेवला गेला, कारण तो बंद करून चालणार नव्हतं. पडद्यावर एकच ओळ होती: 'काळूराम मामाच्या उत्तराची वाट बघत आहे.' मनोरमेने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. वीज जायची ती रोजच्यासारखी जायची; घरातला इन्व्हर्टर मग पंखे सोडून फक्त लॅपटॉपला पाजला जाई, आणि भोईरांचं सगळं घर घामाघूम होऊन त्या एका ओळीकडे बघत बसे.

मामा काही बोलेना. आमंत्रण त्याने वाचलं होतं, तेवढं कळत होतं.

इकडे भावकीचे फोन सुरू झाले. हळद तोंडावर आली, लोकांनी पिवळे कुडते शिवून ठेवले, बेंजोवाले ठरले हे सगळ्यांना कळलं, आणि आमंत्रण कोणालाच नाही! आधी लोकांना वाटलं आपल्यालाच वगळलंय, म्हणून ते चिडले. मग कळलं कोणालाच नाही, तेव्हा जास्त चिडले. विघ्नेश प्रत्येकाला एकच उत्तर देई, "मामा हो म्हणाला की लगेच."

शत्रुघ्नचाही फोन आला. "अरं, माजं हळदीचं आमंत्रन कुठं अडकलं?"

"मामापाशी."

"कंच्या मामापाशी?"

"तुमच्या शेजारच्या."

पलीकडे बराच वेळ नुसतं खोकणं ऐकू आलं.

थांबणं किती अवघड असतं हे विघ्नेशला आता समजलं. वाट बघण्यात काहीच करायचं नसतं, आणि काहीच न करणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एक कळ दाबली असती तर सगळी आमंत्रणं सुटली असती. हात दहादा तिथवर गेला. मनोरमाही हरली. "जाऊ दे रं, पाठव बाकीच्यांना. लोकं नावं ठेवतील. माज्या भावाला मी वलखते, तो नाय बोलायचा."

"नाही आई. या वेळी नाही," विघ्नेश म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवत ठेवलं. दूध वर येईपर्यंत तो तिथेच उभा होता. त्याला ती चिंच आठवत होती. भर उन्हात, मांडीवर टोपी ठेवून बसलेला मामा आठवत होता. पेपर लांबला म्हणून मामा कधी उठून गेला होता का? दूध वर आलं, त्याने गॅस बंद केला. घरातल्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही, कारण सगळी ओटीवर होती.

हळदीच्या आदल्या सकाळी अंगणात स्कूटर थांबली. पुढे काळूराम मामा, इस्त्रीच्या शर्टात. मागे शत्रुघ्न, मांडीवर एक पिशवी गच्च धरून. दोघांचं बोलणं बंद होतं की नाही हे सांगणं अवघड, पण एका स्कूटरवर चांदीपहून जूचंद्रला न बोलता यायचं म्हणजे चेष्टा नाही.

"हा बोलतंय," मामा शत्रुघ्नकडे न बघता म्हणाला, "सगल्यांची आमंत्रनं माज्यासाठी अडकलीत. रोज सकाली दारात येऊन बसतंय, हो बोल, हो बोल. मना खोटं वाटलं. दाखव."

विघ्नेशने लॅपटॉपचं तोंड त्याच्याकडे वळवलं. मामाने ती ओळ एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली. मग पुन्हा वाचली.

"कवापासून?"

"तुला पाठवलं तेव्हापासून."

"नि दुसऱ्या कोनाला?"

"कोणालाच नाही."

"मी नायच बोललो असतो तं?"

"तर हळद नव्हती."

"लोकांनी शिव्या घातल्या असतील."

"घातल्या. अजून घालताहेत."

"मी बी घातल्या," शत्रुघ्न प्रामाणिकपणे म्हणाला.

मामा खुर्चीवर बसला. त्याचा दणकट आवाज कुठे गेला कोण जाणे. "तुज्या पेपराला मी चिंचेखाली बसायचू," तो म्हणाला. "तू बाहेर यायचास नि पोरांच्या संगतीनं भलतीकरंच निघायचास. मी मागनं हाका मारायचू. मना वाटायचं, याला म्हाईतच नाय, कोनी बसलाय म्हनून."

"माहीत होतं मामा," विघ्नेश म्हणाला. "तू बसलायस हे माहीत होतं, म्हणूनच कुठेही जायचो."

पिंकी दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. मामाने नाक ओढलं, खिशातून फोन काढला आणि लिहायला अंगठा त्याच्यावर धरला. सगळी लॅपटॉपकडे वळली. मामाने अंगठा बाजूला घेतला.

"चा कुठंय?"

मनोरमा गुडघा विसरून उठली. चहा आला. मामाने तो बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला, बशी ठेवली, अंगणातल्या शेवग्याकडे जरा बघितलं, पुन्हा बशी उचलली. शत्रुघ्न हातातल्या मुक्या फोनकडे बघत चुळबुळत होता. मामाने त्याच्या चुळबुळीचा पुरेपूर आस्वाद घेत कप संपवला. "बाय, आनखी अर्धा दे," तो म्हणाला, आणि विघ्नेशने आईच्या हातातून किटली घेऊन स्वतः ओतला.

मग मामाने फोन उचलून 'येतू' असं लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर. आणि पाठवलं.

लॅपटॉपवरची ओळ पुढे सरकली. पहिलं आमंत्रण सुटलं, त्याचं उत्तर आलं. दुसरं सुटलं, त्याचं उत्तर आलं. शेजारच्या घरातून एक फोन वाजला, मग पलीकडच्या, मग रस्त्यापलीकडच्या. सगळ्यात शेवटी ओटीवर शत्रुघ्नचा वाजला. यादीत त्याचं नाव कुठे ठेवायचं हे विघ्नेशने कोणाला विचारलं नव्हतं.

"वाच," मामा म्हणाला. "मोठ्यानं वाच. त्या दिशी टपरीवर वाचला होतास तसाच."

शत्रुघ्नने चष्मा लावला आणि वाचलं. मामाने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पिशवीतून मामाकडची पिवळी साडी निघाली, पिंकी पाया पडली, मनोरमा दोनदा रडली आणि दोन्ही वेळा कांद्यावर ढकलून मोकळी झाली.

निघताना विघ्नेश फाटकापर्यंत पोचवायला गेला. स्कूटर सुरू झाली, मागे शत्रुघ्न बसला, मामाने भाच्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ते निघाले. आतून पिंकी हाका मारत होती. बेंजोवाल्यांचा फोन होता, मांडववाला दारात उभा होता, किराणा उतरवायचा होता. विघ्नेश हलला नाही.

रस्त्याच्या वळणावर मामाने स्कूटर हळू केली आणि सवयीने मागे वळून बघितलं, भाचा भलतीकडेच निघाला असणार म्हणून. विघ्नेश फाटकाला धरून तिथेच उभा होता. मामाने एक हात सोडून वर केला. स्कूटर जराशी डळमळली, शत्रुघ्न ओरडला, आणि ती वळणाआड गेल्यावरही विघ्नेश थोडा वेळ थांबला.